न विचारल्याचं श्रेय

न केलेल्या कामाबद्दल कुणी आभार मानले, तर ते नाकारणं सोपं असतं. ‘अहो, ते मी नव्हे’ म्हटलं की झालं. पण आपल्या हातून एखादी गोष्ट घडली, तिने समोरच्याचं खरोखर भलं झालं, आणि ती आपण त्याच्यासाठी केलेलीच नव्हती, तर त्या आभारांचं काय करायचं? गेल्या ऑक्टोबरात तिबिलिसीत एका घरी जेवताना माझे असे आभार मानले गेले. चारचौघांत, उभं राहून, हातात पेला धरून. ते मला आजवर पचलेले नाहीत. का पचले नाहीत, हे स्वतःशी एकदा नीट तपासायचं म्हणून लिहायला बसले आहे.

मी बुद्धिबळ खेळते. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीत लहानाची मोठी झाले, वडिलांनी पट शिकवला. पुढे बँकेची नोकरी आणि संसार यांत तो पट माळ्यावर गेला. निवृत्त झाल्यावर भाच्याने फोनवर ‘लिचेस’ उतरवून दिलं. तिथे तीन-तीन मिनिटांचे डाव खेळणारी मुलं असतात, त्यांच्या वाटेला मी जात नाही. पूर्वी लोक पोस्टकार्डावर चाली लिहून पाठवत, तो संथ खेळही तिथे आहे. मी एका चालीला तीन दिवसांची मुदत घेते. सकाळी चहा घेताना पट बघायचा, दिवसभर डोक्यात घोळवायचा, रात्री चाल करायची. या खेळात मला दोन स्नेही मिळाले. एक तिबिलिसीची, माझ्याच वयाची निवृत्त इंजिनिअर. दुसरे आर्मेनियातल्या ग्युम्री शहरातले गणिताचे शिक्षक. आर्मेनियात २०११ पासून शाळेत बुद्धिबळ सक्तीचं आहे, त्यामुळे ते मुलांना तेही शिकवतात.

संथ डावात माणूस कळतो, असं मी मानत आले होते. ती मैत्रीण डाव हातचा गेला तरी पट सोडत नाही. दोन प्यादी कमी असतानाही एका हत्तीच्या जोरावर पन्नास-साठ चाली किल्ला लढवते आणि शेवटी बरोबरी काढून नेते. शिक्षकांची तऱ्हा वेगळी. फोनवर आपलं बोट चुकून भलतंच मोहरं हललं, तर ते त्याचा फायदा घेत नाहीत, पुढच्या चालीला स्वतःहून बरोबरीचा प्रस्ताव ठेवतात. एवढं ठाऊक झाल्यावर आणखी काय जाणायचं राहिलं, असं मला वाटे. डावाच्या बाजूला गप्पांचा छोटा चौकोन असतो. त्यात आम्ही हवापाण्याबद्दल, गुडघेदुखीबद्दल, द्राक्षांच्या हंगामाबद्दल लिहायचो. तिच्याकडेही द्राक्षं, आमच्या तासगावलाही द्राक्षं, त्यामुळे तो विषय पुष्कळ पुरला.

त्या वर्षांत माझ्या घरी मोठं आजारपण होतं. यजमानांच्या किडन्या गेल्या होत्या. मिरजेच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात रात्री-बेरात्री बसून मी चाली केल्या आहेत. त्यातलं एक अक्षरही मी या दोघांना कळू दिलं नाही. यजमान गेले तेव्हाही नाही. घरी, गल्लीत, नात्यात प्रत्येक जण भेटला की तेच विचारायचा, आणि प्रत्येकाला तेच सांगायचं. या पटावर आलं की ते सगळं बंद. हे सुख मला जपायचं होतं आणि मी ते जपलं.

२८ जुलै २०२५ ला जॉर्जियातच, काळ्या समुद्राकाठच्या बातुमीत, महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत दोन भारतीय खेळाडूंमध्ये संपली. कोनेरू हंपीसारख्या कसलेल्या खेळाडूला टायब्रेकमध्ये हरवून आपली नागपूरची दिव्या देशमुख एकोणिसाव्या वर्षी जिंकली आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टरही झाली. काही मिनिटांत तिबिलिसीहून निरोप आला : ‘तुझी मुलगी जिंकली. आता तू इकडे यायचंस.’ त्या देशात बायकांच्या बुद्धिबळाचं मोल कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नोना गाप्रिंदाश्विली १९६२ ते १९७८ जगज्जेती होती, ग्रँडमास्टर किताब मिळवणारी जगातली पहिली स्त्री तीच. तिच्यामागून माया चिबुर्दानिद्झे १९९१ पर्यंत. माझी मैत्रीण नोनाच्या काळातली. तेव्हा त्यांच्याकडे शाळेत जाणारी प्रत्येक मुलगी पट घेऊन बसायची, असं ती सांगते.

धाकट्या बहिणीला घेऊन मी एका सहलीच्या गटातून गेले. तिबिलिसीत एक संध्याकाळ मोकळी होती, ती आम्ही या जेवणाला दिली. शिक्षक ग्युम्रीहून मिनीबसने, जिला तिकडे मार्शुत्का म्हणतात, सरहद्द ओलांडून आले. जेवण मैत्रिणीच्या थोरल्या भावाकडे होतं. साबुर्तालो भागातली सोव्हिएत काळातली उंच इमारत, नाणं टाकल्याशिवाय न हलणारी लिफ्ट, आणि दार उघडताच अक्रोड-लसणाचा वास. आम्ही दोघी शाकाहारी, म्हणून मी आधीच कळवून ठेवलं होतं. मनात धास्ती होती की यांची पंचाईत होणार. पण तिथल्या ऑर्थोडॉक्स घरांत बुधवार-शुक्रवारचे आणि वर्षातले लांबलचक उपास असतात. त्या दिवसांत मांस नाही, दूधदुभतंही नाही. त्यामुळे उपासाच्या पदार्थांची त्यांच्याकडे वानवा नाही. वांग्याचे लांब काप तळून त्यात अक्रोडाचं वाटण भरलेलं, वर डाळिंबाचे दाणे. पालकाचे आणि बिटाचे, तसंच अक्रोड घालून वळलेले गोळे, त्यांना फ़्खाली म्हणतात. मातीच्या बोळक्यात शिजवलेला राजमा, आणि त्याबरोबर मक्याच्या पिठाची जाडजूड भाकरी. अक्रोडाच्या वाटणाला पिवळसर रंग कशाचा, म्हणून मी विचारलं तर वहिनींनी डबा उघडून दाखवला. वाळवलेल्या झेंडूच्या पाकळ्या होत्या. दसऱ्याला दारावर लावतो तो झेंडू हे लोक मसाल्यात घालतात, हे पाहून बहीण आणि मी एकमेकींकडे बघतच राहिलो.

एक वाटी मैत्रिणीने स्वतः आणून माझ्यापुढे ठेवली. लाल मिरची, लसूण, धने, त्यांच्याकडची निळ्या फुलांची मेथी आणि मीठ एकत्र वाटलेलं; आपल्या ठेच्याचीच बहीण. ‘अजिका. माझ्या आईच्या हातची पद्धत,’ ती म्हणाली. मी भाकरीला लावून खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, सगळे खूष झाले. आई कुठली, हे मी तेव्हाही विचारलं नाही.

जॉर्जियात असं जेवण म्हणजे नुसतं जेवण नसतं. टेबलाचा एक प्रमुख असतो, तमादा. तो एकेक विषय घेऊन पेला उचलतो आणि बोलतो. शांतता, देश, पाहुणे, दिवंगत, मुलंबाळं. त्याच्या बोलण्याशिवाय कुणी पेला तोंडाला लावत नाही. बोलून झालं की तो एखाद्याकडे वळून ‘अलावेर्दी’ म्हणतो. मग त्या माणसाने तो विषय पुढे न्यायचा. इथे तमादा अर्थात थोरले भाऊ होते. काखेतीतल्या त्यांच्या गावी जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत वाईन होते. ही रांजणांची पद्धत युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. आम्हा बहिणींच्या पेल्यात डाळिंबाचा रस होता, त्याला त्यांनी हरकत घेतली नाही. पाहुणा देवाने धाडलेला असतो, अशी त्यांची म्हण आहे. हरकत कशी घेणार?

या पद्धतीत एक कसोटी आहे. ज्याच्याबद्दल बोलायचं तो समोर बसलेला असतो, त्याच्या घरचे ऐकत असतात, आणि बोललेलं खोडता येत नाही. मी वर्षानुवर्षं या माणसांशी लिहून बोलत आले होते. लिहिताना चार वेळा पुसून पाचव्यांदा पाठवायची मला सवय. इथे ती सोय नव्हती.

पाहुण्यांसाठी पेले उचलले गेले तेव्हा भावाने बहिणीकडे पाहून अलावेर्दी म्हटलं. ती उभी राहिली. जॉर्जियनमध्ये बोलली आणि मग माझ्यासाठी इंग्रजीत. ‘मी सुखुमीची आहे हे कळलं की माणूस आधी हळहळतो आणि मग विचारायला लागतो. काय झालं, कोण गेलं, घर आता कुणाच्या ताब्यात आहे. मी तीस वर्षं उत्तरं देते आहे. या बाईला मी एकदा लिहिलं होतं की माझं समुद्राकाठचं घर आता नाही. तिने विचारलं नाही. त्यानंतरही कधी विचारलं नाही. तिच्याशी खेळताना मी निर्वासित नसते, कधी काळी आणि कधी पांढरी, एवढीच असते. हा विसावा मला तिने दिला.’ आणि ती माझ्याकडे वळून वाकली.

मी हात जोडले. दुसरं काय करणार होते?

सुखुमी ही अबखाझियाची राजधानी. १९९२ मध्ये तिथे लढाई सुरू झाली आणि २७ सप्टेंबर १९९३ ला शहर पडलं. तिथून दोन लाखांहून अधिक जॉर्जियन लोक परागंदा झाले. समुद्राची वाट ज्यांना मिळाली नाही ते डोंगर चढून स्वानेतीच्या बाजूने निघाले, आणि खिंडीतल्या थंडीने कित्येक वाटेतच गेले. मैत्रीण दोन मुलांना घेऊन त्याच वाटेने चालत आली होती. आई त्या वाटेवर राहिली. हे मला तिच्या भावाने पुढचा पेला उचलताना, दिवंगतांची नावं घेताना सांगितलं. अजिकाची वाटी माझ्यासमोरच होती.

२७ सप्टेंबर १९९३ ही तारीख कानावर पडली आणि माझ्या मनाने लगेच हिशेब केला. तीनच दिवसांनी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारीला भूकंप झाला. तो आठवडा मला पाठ आहे. बँकेतून आम्ही धान्य, चादरी, कंदील गोळा केले. लातूरकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये चढून मी स्वतः गाठोडी रचली आहेत. माझ्याच वयाची एक बाई तेव्हा दोन मुलांची बोटं धरून बर्फातून चालत होती, आणि त्या आठवड्याच्या कुठल्याच आठवणीत ती नाही. यात माझा दोष आहे असं मी म्हणत नाही. प्रत्येकाच्या दारासमोर त्याचं त्याचं दुःख उभं असतं. पण तिच्याशी वर्षानुवर्षं खेळत असतानाही ती कुठे नव्हती, हे मला तिथे टेबलाशी बसल्या बसल्या उमगलं.

दिवंगतांच्या पेल्याला तिथे ज्याला वाटेल त्याने भर घालायची असते. शिक्षक उठले. हळू आवाजात, रशियनमध्ये बोलले आणि मैत्रिणीने उलगडून सांगितलं. २०२३ च्या हिवाळ्यात त्यांची पत्नी गेली. तेव्हा महिना-दीड महिना ते पटावर नव्हते, त्यांचे सगळे डाव वेळ संपून गेले. ‘मी परत आलो,’ ते म्हणाले, ‘तर पहिल्याच दिवशी जगभरातून नव्या डावांची आमंत्रणं आली होती. मी सगळी स्वीकारली. प्रत्येक डाव उघडताना वाटायचं, यातला कुणीतरी विचारेल, कुठे होतास म्हणून.’ त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. आरोपाचा सूर नव्हता. पण त्या आमंत्रणांतलं एक माझं होतं. ‘परत आलात, आनंद झाला,’ एवढं लिहून मी राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं होतं.

एकाच टेबलावर, अर्ध्या तासाच्या अंतराने, दोन माणसांनी मला माझ्या एकाच वागण्याची दोन फळं दाखवली. माझं मौन तेच होतं. तिला ते विसावा वाटलं, त्यांना ते बंद दार वाटलं.

मनाशी मी पहिल्यांदा जो बचाव मांडला तो असा : मला काय ठाऊक? शिक्षकांनी सांगितलं नाही, मग मी कसं विचारणार? हा बचाव खोटा नाही. पण तो मानला तर मैत्रिणीचे आभारही मला घेता येत नाहीत. तिला विचारलेलं नको होतं, हे तरी मला कुठे ठाऊक होतं? अज्ञान दोन्हीकडे सारखंच होतं. एकीकडचं श्रेय पदरात घ्यायचं आणि दुसरीकडचा ठपका ‘माहीत नव्हतं’ म्हणून झटकायचा, ही लबाडी होईल. बँकेत आयुष्य गेलं. जमेची बाजू दाखवून नावेची लपवणारा हिशेब मला ओळखता येतो.

मग दुसरा विचार पुढे आला, आणि तो अधिक मोहात पाडणारा होता. न विचारणं हा माझा स्वभावच आहे, दुसऱ्याच्या खाजगीत न डोकावण्याची ती रीत आहे, म्हणून कुणाला लाभली, कुणाला लागली. हे मान्य केलं असतं तर सुटले असते. पण मी स्वतःला ओळखते. शेजारच्या सुनेला दिवस गेले की मला दुसऱ्या दिवशी कळतं, कारण मी विचारते. भाजीवालीच्या मुलाची दहावी, वॉचमनच्या गावची जमीन, नणंदेच्या जावयाची बदली, सगळं मी विचारते आणि लक्षात ठेवते. आमच्याकडे ‘कुठले तुम्ही?’ हा ओळखीचा पहिलाच प्रश्न असतो. तेव्हा स्वभावाचा दाखला इथे चालायचा नाही.

तर मग तिला का विचारलं नाही? तो प्रसंग मी पुन्हा आठवून पाहिला. ऑगस्ट २०१९. कृष्णेचा महापूर आमच्या गल्लीत शिरला होता. यजमानांचं डायलिसिस नुकतंच सुरू झालेलं, दवाखान्यात न्यायचं कसं या विवंचनेत आम्ही वरच्या मजल्यावर बसलो होतो. मी तिला फक्त पुराचं लिहिलं. त्यावर तिने लिहिलं : ‘माझंही घर होतं, समुद्राकाठी. आता नाही.’ ते वाचून मी थांबले होते, हे मला चांगलं आठवतं. यामागे काहीतरी मोठं आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. आणि पुढचा विचार असा आला : मी विचारलं तर ती सांगेल, ती सांगेल तर मग तीही मला विचारेल. तेवढ्यावर मी घोडा हलवला आणि चाल पाठवली.

हे खरं कारण आहे. ते वाईट होतं का? एवढ्या दिवसांच्या उलटतपासणीनंतर मी नाही म्हणेन. दुःखात असलेल्या माणसाला एखादी जागा अशी हवी असते जिथे त्याला कुणी विचारत नाही. मला ती हवी होती आणि मी ती राखली. तो माझा हक्क होता. पण जे मी माझ्या सोयीसाठी राखलं ते तिच्यासाठी केलेली दया म्हणून माझ्या नावावर जमा व्हावं, हे मला मान्य नाही. आणि आणखी एक गोष्ट, जी मला जास्त टोचते. माझ्या त्या मौनाला समोरचा माणूस दिसतच नव्हता. दिसला असता तर तिच्या बाबतीत ते तसंच राहिलं असतं कदाचित, पण शिक्षकांच्या बाबतीत मोडलं असतं. महिना-दीड महिना गायब झालेला, कधीही मुदत न चुकवणारा माणूस परत येतो, आणि आपण त्याला नवा डाव धाडतो! गल्लीतला दूधवाला चार दिवस आला नाही तर मी चौकशीला माणूस पाठवते.

त्या रात्री पुढचा अलावेर्दी माझ्याकडे आला. सगळे पेले धरून थांबले. आभारांचा स्वीकार करावा की इथेच खरं सांगून टाकावं, असा क्षणभर पेच पडला. मी दोन्ही केलं नाही. दिवंगतांच्या नावाने धरलेल्या पेल्यावर माझी सफाई आणणं मला बरं वाटलं नाही. मला जे नक्की ठाऊक होतं तेवढंच बोलले. मैत्रिणीने एका हत्तीवर वाचवलेल्या एका डावाबद्दल सांगितलं, आणि माझं बोट चुकून वजीर गेला असताना शिक्षकांनी न मागता दिलेल्या बरोबरीबद्दल. मग जे गेले त्यांच्यासाठी सगळ्यांबरोबर पेला उचलला. माझ्या माणसाचं नाव मनात घेतलं, तोंडाने घेतलं नाही. ते बरोबर केलं की नाही, यावर माझं मन अजून दोन्हीकडे झुकतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गटाची बस निघण्याआधी ती मला रुस्तावेली रस्त्यावर घेऊन गेली. एका टोकाला एक चकचकीत उंच हॉटेल आहे. पूर्वी ते ‘इवेरिया’ होतं. अबखाझियातून आलेली शेकडो माणसं दहा वर्षं तिथल्या खोल्यांत राहत होती, फळ्या आणि पत्रे ठोकून बंद केलेल्या बाल्कन्यांत स्वयंपाक करत होती. २००४ मध्ये ते रिकामं केलं. तिने वर बोट दाखवून आपला मजला सांगितला. धाकट्याला तिथे पट शिकवला, मोहरी ब्रेडच्या पिठाची केली होती, म्हणाली. या वेळी मी विचारलं, कोणती मोहरी आधी फुटली? ती हसली आणि सांगत राहिली. मग तिथेच, फुटपाथवर, मी तिला सांगून टाकलं की २०१९ मध्ये मी विचारलं नाही ते तुझ्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. यजमानांचं सांगितलं. आभार परत घे, असंही म्हणाले.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘कशासाठी का असेना, मला विसावा मिळाला. तो खोटा होता का?’ थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाली, ‘पण आता तुला माहीत आहे. आता नाही विचारलंस तर मी रागावेन.’

तिच्या पहिल्या वाक्याशी मी अजून सहमत नाही. ज्याला लाभ झाला त्याने लाभ खरा मानावा, तो त्याचा अधिकार. देणाऱ्याने मात्र आपण दिलं होतं की ते आपल्याकडून सांडलं होतं, एवढं तरी वेगळं करून बघायला हवं. दुसरं वाक्य मात्र मी बिनतक्रार मानलं. न कळता गप्प राहणं आणि कळून गप्प राहणं यांना मी आता एका मापाने मोजणार नाही. त्यांच्या घरचं अन्न खाऊन, त्यांच्या मेलेल्या माणसांची नावं ऐकून मी परत आले आहे. पटाच्या बाजूच्या चौकोनात पूर्वीसारखं द्राक्षांवर बोलत राहणं मला शोभणार नाही.

सांगलीला आल्यावर शिक्षकांना लिहायला घेतलं. दोन वर्षं उशिरा काय विचारायचं? मी सहजासहजी अडत नाही, पण इथे अडले. शेवटी एवढंच लिहिलं की तुमच्या पत्नीचं नाव मला माहीत नाही, ते सांगा, आणि त्या काय करायच्या तेही सांगा. त्यांचं उत्तर यायला मुदतीचे तिन्ही दिवस लागले. नाव होतं. त्याच शाळेत त्या पियानो शिकवायच्या. १९८८ च्या भूकंपात ग्युम्री उद्ध्वस्त झालं तेव्हा शाळेचा पियानो ढिगाऱ्यातून निघाला होता, आणि त्याच्या तीन पट्ट्या कायमच्या मुक्या झाल्या होत्या. त्या वगळून वाजवता येतील अशा धुना त्या मुलांना निवडून द्यायच्या. असं पानभर होतं. किल्लारीच्या गाठोड्यांचं मी त्यांना लिहिलं नव्हतं, ते आता लिहायचं ठरवलं.

पत्राच्या शेवटी त्यांचा एक प्रश्न होता. ‘तुमच्या चाली तुमच्याकडच्या रात्रीच्या दोन-तीन वाजता यायच्या, कितीतरी महिने. माझ्या ते लक्षात आलं होतं. मीही कधी विचारलं नाही. का जागत होता?’

मी त्याला उत्तर दिलं. दवाखान्याचा व्हरांडा, मशिनचा आवाज, यजमानांना माझ्या पटाचं वाटणारं कौतुक, शेवटचे तीन आठवडे, सगळं लिहिलं. लिहायला दोन संध्याकाळी गेल्या. तेच मग तिबिलिसीला पाठवलं. तासगावचा द्राक्षांचा हंगाम जानेवारीअखेर जोरात असतो. दोघांनाही तेव्हा यायला सांगितलं आहे, आणि व्हिसाची चौकशी भाचा करतो आहे.